तुमच्या शाळेची तपासणी

बाई, तुमच्या शाळेची तपासणी करून आले. तेव्हापासून सांगलीत विश्रामबागच्या या घरात मनातल्या मनात तुमच्याशी बोलतेय, म्हणून म्हटलं लिहूनच टाकावं. मी आता नर्सिंगच्या शाळा तपासणाऱ्या समितीवर असते. शिकवायला माणसं पुरेशी आहेत का, मुलींना वॉर्डात काय करायला मिळतं, बोर्डाच्या परीक्षेत किती पास होतात, हे बघायचं आणि शाळा चालू ठेवावी की नाही ते लिहायचं. मी तिथंच शिकले हे मी आधीच कळवलं होतं. अध्यक्ष म्हणाले, "मग बरंच की, रस्ता तरी म्हाईत हाय." गाडीत पुढं बसवलं मला. औंध मागं पडलं, ऊस संपला, कुसळाची रानं लागली आणि मी ड्रायव्हरला गाडी हळू घ्यायला सांगितलं. एवढ्या शाळा तपासल्या, असं कधी केलं नव्हतं.

गाडीत ते सगळं पुन्हा दिसलं: मी दुसऱ्या वर्षाला आहे. बायकांच्या वॉर्डात धनगराची एक म्हातारी आहे, शेळ्यांमागं फिरताना तळपायात काटा मोडून पाय पिकलेला. मी इंजेक्शन भरते, तुमच्याकडं तोंड करते आणि पाठ केलेलं घडाघडा म्हणते, रुग्णाला प्रक्रिया समजावून सांगितली. तुमच्या कपाळाची शीर उडते. "मला काय सांगतीस गं? सुई मला टोचणार हायस? ती बाई पडलीय तिथं, तिला सांग." सगळ्या वॉर्डादेखत. मी रडत रडत त्या म्हातारीला सांगितलं, आणि तीच मला म्हणाली, "टोच माझे बाय, रडू नगंस." दिवसभर तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत. संध्याकाळी मात्र क्वार्टरवर बोलावलंत, चुलीपुढं बसवून हुलग्याचं माडगं वाढलंत आणि मी संपवेपर्यंत उठू दिलं नाहीत. आईमागं मला असं कुणी जेवायला घातलं नव्हतं, हे तुम्हाला ठाऊक होतं की नाही, कोण जाणे.

तर परवा त्याच वॉर्डात तिसऱ्या वर्षाची एक पोरगी स्टूल ओढून बसली आणि पेशंटला म्हणाली, "मामी, हात ढिला सोडा. मुंगी चावल्यागत हुईल, घाबरू नगा." मला भरून आलं. तुम्ही गेलात त्याला किती वर्षं झाली, या पोरीनं तुम्हाला पाहिलंही नाही, आणि तुमचंच वळण. सांगलीकडच्या चकाचक कॉलेजात मी बघते ना, पोरी रबराच्या पुतळ्यापुढं उभ्या राहून आमच्याकडं बघत म्हणतात, समजावून सांगितलं. पण त्या पास होतात, बाई. तुमच्या शाळेतल्या निम्म्याहून जास्त पोरी नापास होतात, एकदा नाही, दरवर्षी. लेखी पेपर इंग्रजीत, तिथं त्यांची गाडी अडते. पास झाल्याशिवाय नोंदणी नाही, आणि नोंदणी नाही तर ती नर्स नाही. वॉर्डात कितीही चांगली असू दे. माझं निभावलं ते वडील फौजेत होते म्हणून. सुट्टीवर आले की माझ्याकडून इंग्रजी वाचून घ्यायचे. ते काही तुम्ही शिकवलं नव्हतंत.

परतताना इस्लामपूरला एका खाजगी दवाखान्यात थांबलो. अध्यक्षांच्या ओळखीचं कुणी ॲडमिट होतं. तिथं लादी पुसणारी बाई माझ्या गळ्यातलं समितीचं ओळखपत्र बघून पुढं आली, कुठली शाळा बघितली ते विचारलं. म्हणाली, "मॅडम, मी त्याच शाळंची. तीनदा बसले, तीनदा गेलं. काम सगळं येतंय ओ मला, पर पेपर म्होरं आला की काय सुचतच न्हाई." घरच्यांना तिनं अजून सांगितलेलं नाही. सासरी वाटतं, सून सिस्टर आहे. सकाळी घरातून पांढरे कपडे घालून निघते आणि इथं येऊन सफाईवाल्या मावशीची साडी नेसते. मी तिथं उभी होते आणि मला तुमचा राग आला. एवढा राग मला तुमचा कधीच आला नव्हता. माणसाशी बोलायला शिकवलंत, पण परीक्षेला तुम्ही कायम नावं ठेवलीत, आणि पुढच्यांनी तेही तुमच्याकडूनच उचललं. पोरींनी तीन वर्षं घालवायची आणि हातात फडकं घ्यायचं?

तुमच्या खुर्चीत आता माझ्या मागच्या बॅचची ती बसते. आठवते ना, वेणीत कायम अबोली माळणारी. तिचा फोन आला. "ताई, एक वर्ष द्या. इंग्रजीला माणूस बघते कुठनं तरी." मी विचारलं, गेल्या खेपेला हेच सांगितलं होतंस ना? त्यावर ती म्हणाली, "बाई असत्या तर तुमी असं केलं असतं?" मी म्हणाले, बाई नाहीत. आणि नवीन प्रवेश थांबवावेत, असं लिहून टाकलं. शिकताहेत त्या पोरींची नीट तयारी करून घ्यावी, तीही दुसऱ्या शाळेकडून, असंही लिहिलं. समितीत कुणी हुज्जत घातली नाही. चहा झाला, सह्या झाल्या, अध्यक्ष म्हणाले, मॅडमचं काम चोख असतं. मी वाट बघत होते की कुणीतरी भांडेल माझ्याशी.

बरोबर केलं असं मला अजूनही वाटतं. पण हे पत्र कुठं टाकणार? वाचून फाडीन. एक मात्र तुम्हाला सांगते, दुसरं सांगायला कुणी नाही. सह्या झाल्यावर मी त्या अबोलीवालीला फोन लावला. बोलायचं काहीच नव्हतं, उगाच लावला. मला ताई म्हणणारी तेवढीच एक उरली होती. ती उचलत नाही. आजही दोनदा लावून बघितला.