सहा पोती जव आणि एक कपाट

प्लेनो, टेक्सस
भाद्रपद लागला असावा (इथलं कॅलेंडर नुसतंच सप्टेंबर म्हणतं)

तीर्थस्वरूप शोभाताई हिला,

धाकट्या सुमंतचा, गुडघे जितके वाकू देतील तितका, साष्टांग नमस्कार. तुझी कंबर कशी आहे? मोतीबिंदू काढल्यावर वाचता येतं म्हणालीस, तरी मुद्दाम मोठ्या अक्षरात लिहितोय. फोनवरही सांगता आलं असतं. पण चौथ्या मिनिटाला तू "बरं, ठेवते, तुझं बिल वाढतंय" म्हणतेस (ताई, बिल वाढायचं बंद होऊन पंधरा वर्षं झाली). पत्र असं मध्येच ठेवता येत नाही.

आधी एक कबुली. एप्रिलमध्ये मी तुला विचारलं होतं, की घरात पुष्कळ सातू आहेत, त्यांना कीड लागू नये म्हणून काय करावं. तुला आनंद झाला. सुमंत साखरेच्या दुखण्यासाठी सातूचं पीठ खातो, हे तू अर्ध्या अमरावतीला सांगितलंस (दोन मामेबहिणींचे अभिनंदनाचे मेसेज आले). ताई, ते पिठाचे सातू नव्हेत. मोड आणून, वाळवून, जरासे भाजलेले जव आहेत ते, आणि त्यांची बिअर करतात. घरी. मीच करतो. आज एकादशी असेल तर पुढचं उद्या वाच.

हे वेड अरुणचं. अरुण म्हणजे माझ्याबरोबर टेलिफोन कंपनीत बावीस वर्षं काढलेला नागपूरकर, आमच्यापासून तीन घरं सोडून राहायचा. शैलजाचे दिवसवार झाले, लेक राधिका ऑस्टिनला परत गेली, आणि दुसऱ्याच दिवशी हा गृहस्थ भलंमोठं पातेलं घेऊन दारात उभा. म्हणाला, "आज बिअर उकळायची आहे. पाच तास लागतात. तुला दुसरं काही काम आहे का बे?" नव्हतं. तेव्हापासून दर शनिवारी आमचं हे चाललं. बिअर बेताचीच व्हायची, पण पाच तास समोर माणूस बसलेला असायचा. जव ढवळायचे, पाण्याचं तापमान बघायचं आणि जुन्या साहेबांपासून नव्या जावयांपर्यंत सगळ्यांना नावं ठेवायची.

तर ह्या मार्चमध्ये अरुणने घाऊक जव मागवले. पंचवीस-पंचवीस किलोची सहा पोती. आणि ती माझ्या गॅरेजात येऊन पडली त्याच आठवड्यात त्याची मुलगी सलोनी त्याला विमानाने तीन तासांवरच्या अ‍ॅशबर्नला कायमचं घेऊन गेली. तिला दुसरं बाळ झालंय, ह्याचं गुडघ्याचं ऑपरेशन व्हायचंय, सगळं रास्तच. पातेलं मला देऊन गेला. तू गणित शिकवलंस, तूच कर हिशेब: एका खेपेला पाच किलो जव, त्यातून पन्नास बाटल्या. डॉक्टरीणबाईंनी मला आठवड्याला एक बाटली मंजूर केली आहे. म्हणजे शेवटची बाटली मी अठ्ठ्याण्णवाव्या वर्षी उघडणार.

जव अख्खे ठेवले तर वर्षभर चांगले राहतात, एकदा भरडले की दोन-तीन आठवड्यांत शिळे होतात. आणि जागा हवी थंड, कोरडी, अंधारी, हवाबंद. माझं गॅरेज ह्यातलं काहीच नाही. मे महिन्यात तिथे पापड आपोआप भाजेल. एक पोतं उघडलं तर आत बारीक काळे सोंडवाले किडे फिरत होते, आणि इतक्या निवांतपणे, की मीच त्यांच्या घरात शिरल्यासारखं वाटलं. तुझा सल्ला आठवला. गव्हाला लावतेस तसं त्या पोत्यातल्या जवांना एरंडेल चोळलं (तुझा हात हलका, माझा इंजिनियरचा, जिथे चमचा पुरे तिथे मी वाटी घेतली). मग त्यांची बिअर केली. फेस म्हणून आला नाही. पाहुणा मात्र आला. राधिकाचा नवरा अक्षत कामासाठी डॅलसला आला होता, रविवारी जेवायला आला. भिडस्त मुलगा. "बाबा, इंटरेस्टिंग टेस्ट आहे," म्हणत दोन ग्लास प्यायला.

त्या रविवारची सगळी दुपार तो बाथरूममध्ये होता. मी अपराध्यासारखा बाहेर स्टूल टाकून बसलो. आतून म्हणाला, "बाबा, तुम्ही टेन्शन घेऊ नका."

मी म्हटलं, "मीठ-साखरेचं पाणी ठेवलंय रे दाराशी."

थोड्या वेळाने आतून आवाज आला, "बाबा, इथे इतकं शांत असतं नेहमी?"

मी म्हटलं, "फ्रिज वाजतो अधूनमधून."

मग त्याने त्याच्या नोकरीचं सांगितलं, कपात होणार आहे ती भीती सांगितली. राधिकाला अजून सांगितली नव्हती. सहा वर्षांत आमचं इतकं बोलणं कधी झालं नव्हतं. मध्ये दार असलेलं बरं असतं कधीकधी.

उरलेली पाच पोती जूनमध्ये उन्हात घातली. घरासमोर मोटार उभी करायचा जो सिमेंटचा उतार असतो, त्यावर जुन्या चादरी पसरल्या, जव ओतले, छत्री रोवली आणि काठी घेऊन खुर्चीवर बसलो. इथे काळे, लांब शेपटीचे पक्षी असतात, थव्याने येतात आणि दमदाटी करतात. पण पक्ष्यांपेक्षा माणसं जास्त आली! ह्या गल्लीत अकरा वर्षं मी गाडीतून हात करतोय. त्या दिवशी पहिल्यांदा लोक थांबले. समोरच्या म्हाताऱ्या बाईंनी विचारलं, कोंबड्या पाळणार का. कोपऱ्यावरच्या तेलुगू आजींनी काहीच विचारलं नाही. खाली बसून सरळ खडे निवडायला लागल्या. खडे नव्हतेच, पण मी बोललो नाही. ताई, एका दिवसाचं ऊन पुरलं असतं. मी चार दिवस वाळवण घातलं.

पाचव्या दिवशी वसाहतीच्या कमिटीचं पत्र आलं: घरासमोर पशुखाद्य पसरल्याबद्दल ताकीद. सोबत फोटो, त्यात मी आणि आजी. फोटो चांगला आलाय, फ्रिजवर लावलाय.

मग आटे घट्ट बसणाऱ्या झाकणांच्या बादल्या आणल्या, आत रबराची चकती, हवा जायची सोय नाही. भरून झाल्या. आता थंड, कोरडी, अंधारी जागा. थर्मामीटर घेऊन सगळं घर फिरलो (हसू नकोस, वहीत आकडे आहेत). एकच जागा सापडली, घराच्या मधोमध, जिला बाहेरची भिंत नाही: शैलजाचं कपाट. इथलं कपाट म्हणजे लहान खोलीच असते. राधिका दोन वर्षं म्हणत होती, बाबा, आईचं कपाट आवरू या. मी दर वेळी म्हणायचो, दिवाळीनंतर. आणि परवा ते मी उघडलं, ते बादल्यांसाठी. सकाळी नऊला सुरुवात केली. प्रत्येक साडी काढताना ती कुठे नेसली होती ते आठवायचं आणि बरंचसं आठवायचं नाही. न आठवल्याचा राग यायचा. एका पर्समध्ये किराणा दुकानाची यादी निघाली, तिच्या अक्षरात, शेवटी 'सुमंतला विचारणे' असं लिहिलेलं. काय विचारायचं होतं ते लिहिलेलं नाही. मी बादलीवर बसलो ते पाचला उठलो.

आता तिथे जव आहेत. छान राहतील. तुझी औषधं वेळेवर घे.

तुझा,
सुमंत

ता. क. साड्या मी कुणाला दिलेल्या नाहीत. पाहुण्यांच्या खोलीत पलंगावर घड्या घालून ठेवल्यात, पण माझ्या घड्या, म्हणजे बॅनर गुंडाळल्यासारख्या. धान्य कसं ठेवायचं ते मला आता कळतं. रेशमाचं कळत नाही.

ता. क. २. वर अरुणबद्दल थोडं खोटं लिहिलंय. पोती त्याने मागवली नाहीत. त्याच्या घरासमोर विक्रीची पाटी लागली, त्या संध्याकाळी मी मागवली. वाटलं, दीडशे किलो जव बघून माणूस जरा लाजेल, म्हणेल, एवढे संपवून मग जातो. त्याने पोती मोजली, माझ्याकडे बघितलं, म्हणाला, "सुम्या, येड्या," आणि डोळे पुसून गाडीत बसला.

ता. क. ३. तुझा व्हिसा अजून तीन वर्षं चालू आहे, मी तपासलं. ऑक्टोबरात इथे हवा फार सुरेख असते. येतेस का, असं विचारणार होतो. पण तू "बघू" म्हणाली असतीस, म्हणून तिकीट आधीच काढलं. नागपूरहून, बारा तारखेचं, व्हीलचेअर सांगितली आहे. ते रद्द होत नाही.