बाबांच्या खिडकीसमोरची फिरकी

टर्नर्स फेरी, टेनेसी
२२ फेब्रुवारी १९८१

ति. डेल्बर्टकाकांस व ति. सौ. मॅव्हिसकाकूंस,
ऑर्लीनचा शि. सा. न. वि. वि.

काकूंनी विणलेले पायमोजे पोचले. पायमोज्यांच्या गिरणीत राबणाऱ्या पुतणीला पायमोजेच पाठवायचे, हे माझ्या काकूलाच सुचू जाणे. पण घातले, ऊबदार आहेत, तेव्हा तक्रार मागे घेते.

बाबांची खबर लिहायचं टाळत होते. सप्टेंबरात त्यांना अर्धांगाचा झटका आला आणि मी सामानसुमान घेऊन त्यांच्याकडे राहायला आले, ते तुम्हांला माहीतच आहे. उजवा हात अजून लुळाच आहे, पाय मात्र काठीच्या आधारानं बरा चालतो. खरी काळजी बोलण्याची आहे. नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या जेवणाला ते नेहमीप्रमाणे प्रार्थना म्हणायला उभे राहिले. तोंडातून नुसता लगदा बाहेर पडला. टेबलाभोवती अकरा माणसं मान खाली घालून बसलेली. कोणी हसलं नाही, पण कोणीतरी मदत म्हणून त्यांचं वाक्य पुरं केलं. बाबा खाली बसले, आमेनपर्यंत पोचलेच नाहीत. त्या दिवसापासून एक शब्द नाही, काका. तीन महिने झाले.

बोलायला शिकवणारी बाई दर मंगळवारी येते. तिचं म्हणणं, जिभेत जीव आहे, माणूसच प्रयत्न करत नाही. उन्हाळ्यापर्यंत असंच गेलं तर मग कायमचंच गेलं समजा. बाबा तिच्याकडे बघतसुद्धा नाहीत. खुर्ची तळ्याकडे पाठ करून ठेवायला लावली आहे त्यांनी. ज्या माणसानं तीस वर्षं लोकांना होडीत घालून मासे कुठे लागतात ते दाखवलं, तो भिंत बघत बसतो. मला बघवत नाही.

म्हणून एक विनंती आहे. बर्ल (धक्क्यावरचा, गळ-आमिषांच्या दुकानाचा) म्हणतो की मार्चात बास मासे काठालगत पाण्यात बुडालेल्या बुंध्यांपाशी येतील आणि फिरकीला लागतील. लहानपणी बाबा मला शिकवायला बघायचे तेव्हा मी होडीत गोष्टींची पुस्तकं वाचत बसायचे, आता स्वतःचाच राग येतो. फिरकी कधी आणि कशी टाकायची ते मला बयाजवार लिहून पाठवा. एक तरी मासा आणून त्यांच्या पुढ्यात ठेवीन म्हणते. निदान हवापाण्याखेरीज काही बोलायला होईल, मलाच बोलायचं असलं तरी.

काकूंना नमस्कार. तुमची माया माहीत आहे, तरी ती पत्रातून पाठवत राहा.

तुमची,
ऑर्लीन

सॅगिनॉ, मिशिगन
२ मार्च १९८१

चि. ऑर्लीन हिस,
काका-काकूचे अ. उ. आ.

पत्र वाचलं. काकूनं वाचलं, मग पुन्हा मी वाचलं, मग जेवण गार झालं. हॉलिसनं बोलायचं थांबवलं हे तू आधी का नाही कळवलंस, यावर मी रागावणार होतो. पण तू एकटी किती करतेस हे दिसतं आहे, म्हणून राग गिळला. इथे अजून ढोपरभर बर्फ आहे आणि कारखान्याला सुट्टी जुलैतच, नाहीतर आजच निघालो असतो.

आता धडा. फिरकी म्हणजे उघडलेल्या सेफ्टी पिनेसारखी वाकवलेली तार. खालच्या टोकाला शिशाचं डोकं, त्यात गळ, त्यावर रबरी झिरमिळ्यांचा घागरा. वरच्या टोकाला पत्र्याचं पातं. दोरी ओढली की पातं गरगरतं आणि त्याची धडधड गळाच्या काठीतून मनगटात येते. हॉलिसच्या गळांच्या पेटीत दोन तऱ्हेची पाती आहेत, गोल आणि लांबट. तू लांबटच घे. मार्चातलं पाणी गार असतं, पावसानं गढूळ असतं, म्हणून रीळ (काठीवरची दोरी गुंडाळायची चकरी) फिरवायचं ते भर्रकन, हाताला कळ लागेपर्यंत. बुंधे दिसले की त्यांच्यापासून चार हात लांबूनच न्यायची, उगाच अडकायला नको. वारा असला की घरात बसायचं.

होडी काढू नकोस. घरासमोरच्या फळ्यांच्या धक्क्यावर उभी राहा, बाबांच्या खिडकीतून दिसशील अशी. रोज गिरणीतून आल्यावर तासभर. बर्ल हसेल, हसू दे. मी लिहिलं आहे तसंच करायचं, त्यात आपली अक्कल घालायची नाही. ही माझी एकच अट.

लोभ आहेच. गळाला लागलेल्या माशासारखा तो निसटू देऊ नये.

तुझा,
डेल्बर्टकाका

टर्नर्स फेरी
१७ मार्च १९८१

ति. काका-काकूंस,
शि. सा. न. वि. वि.

तुमच्या आज्ञेप्रमाणे बारा दिवस फिरकी टाकते आहे. आजवरची कमाई: एक जुना बूट, धक्क्याला बांधलेली आमचीच दोरी, आणि माझ्या स्वेटरची बाही. मासा एकही नाही. खांदा असा धरला आहे की गिरणीत मुकादमीणबाईनं विचारलं, कोणाशी मारामारी केलीस का.

बर्ल हसला, तुम्ही म्हणालात तसाच. हसून हसून खाली बसला. मग डोळे पुसत विचारू लागला की हे असं मला शिकवलं कोणी. माझं टाळकं सटकलं. म्हटलं, हॉलिस प्रुएटच्या सख्ख्या भावानं शिकवलं आहे, आणि तुमचं पत्रच त्याच्या हातात दिलं. त्यानं ते एकदा वाचलं, मग टोपी मागे सरकवून पुन्हा वाचलं.  पत्र नीट घडी करून परत दिलं आणि म्हणाला की काकानं लिहिलं आहे तसंच कर, एक अक्षर बदलू नकोस. वर दोन नव्या फिरक्या फुकट दिल्या, लांबट पात्याच्याच. चिकटपणाबद्दल तो तीन परगण्यांत प्रसिद्ध आहे, तेव्हा मला काही कळेनासं झालं आहे.

पण खरी बातमी पुढेच आहे. गुरुवारी धक्क्यावरून परत आले तर बाबांची खुर्ची फिरलेली. पार नाही, अर्धीच. डावा डोळा तळ्याकडे, उजवा भिंतीकडे.  ताकात कुस्करलेला कॉर्नब्रेड पुढे ठेवला, तो त्यांनी सगळा संपवला.

काका, मासा मिळो न मिळो, त्या अर्ध्या खुर्चीबद्दल तुमचे उपकार मानावे तेवढे थोडे. काकूंनी बाहीसाठी त्याच रंगाची लोकर पाठवावी आणि पुतणीवर दया ठेवावी.

तुमची,
ऑर्लीन

सॅगिनॉ
२३ मार्च १९८१

चि. ऑर्लीन हिस,
अ. उ. आ.

खुर्चीची बातमी मी काकूला दोनदा वाचून दाखवली. तिसऱ्यांदा तिनंच वाचली. लोकर सोबत आहे.

तुझी चूक माझ्या लक्षात आली: तू रीळ हळू फिरवतेस. आणखी जोरात फिरव. फिरकी पाण्याबाहेर उडाली तरी चालेल. आणि बाबांचा चेहरा कसा असतो ते लिही. जबडा हलतो का? लहानपणी मी वेडावाकडा गळ टाकला की त्याचा जबडा असा चालायचा, जणू तो कच्चे हरभरे फोडतो आहे. तेवढं बघ. बाकी मासे वगैरे होत राहील.

इकडच्या दोन म्हाताऱ्यांची आठवण ठेव, आमचं मन तिकडेच आहे.

काका

टर्नर्स फेरी
११ एप्रिल १९८१

ति. डेल्बर्टकाकांस,
शि. सा. न. वि. वि.

घाईघाईत लिहिते आहे, अक्षर लागेल तसं लावून घ्या.

जबडा हलत होता, काका. परवापर्यंत खुर्ची पूर्ण फिरली होती, आणि ते काठीनं खिडकीच्या चौकटीवर ठकठक करायचे. मला वाटायचं पाणी हवं आहे, म्हणून मी धावत जायचे, तर ते डोळे मिटून घ्यायचे.

आज शनिवार. पाऊस पडून गेलेला, तळं चहासारखं गढूळ, वारा थेट आमच्या काठावर येणारा. तुमच्या नियमानं घरात बसायला हवं होतं, पण घरात जीव रमेना. मी फिरकी टाकली आणि तुम्ही सांगितलंत तसं रीळ भरभरा फिरवू लागले. मागे दार आपटलं. वळून बघते तर बाबा, घरातल्या सपाता पायात, काठी टेकत धक्क्यावर येताहेत. तोंड लालबुंद. मला वाटलं पडतात आता. माझ्यापाशी आले, डाव्या हातानं माझं मनगट धरलं आणि म्हणाले,

"हळू."

मी बघतच राहिले. त्यांना वाटलं मला कळलं नाही. मग एकेक अक्षर ओढून काढत, घाम फुटेपर्यंत, पुन्हा म्हणाले, "हळू, ऑर्लीन."

रडू आलं, तर रागावले. नाक पुसायलाही वेळ दिला नाही. पेटी मागवली, लांबट पात्याची फिरकी माझ्यादेखत पाण्यात भिरकावून दिली (बर्लला सांगू नका) आणि गोल पात्याची बांधायला लावली. मग अर्ध्या शब्दांनी, अर्ध्या खुणांनी शिकवत राहिले. गढूळ गार पाण्यात माशाला दिसत नाही, तो धडधड ऐकून येतो, म्हणून पातं गोल आणि चाल संथ. बुंध्याच्या पलीकडे टाकायची, त्याला घासून आणायची, टक्कर झाली की क्षणभर सोडून द्यायची, तिथेच मासा असतो. वारा असेल तो काठ सोडायचा नाही. मनगटातली धडधड थांबली की विचार न करता ओढायचं. काका, हे तर तुम्ही लिहिलंत त्याच्या नेमकं उलट आहे!

सातव्या की आठव्या खेपेला धडधड थांबली. मी ओढलं. चार पौंडांचा बास. बाबांनी डाव्या हाताच्या अंगठ्यानं त्याचा जबडा धरून उचलला, बघितला, आणि परत पाण्यात सोडला. मासा पुढ्यात ठेवायचा राहूनच गेला.

आता मला सांगा, भावाचं बोट धरून जन्मभर मासेमारी केलेल्या माणसानं एवढा उफराटा धडा कसा लिहिला? रागावले आहे. आणि राग टिकत नाही, हेही लिहून टाकते.

उत्तराची वाट बघणारी,
ऑर्लीन

सॅगिनॉ
१६ एप्रिल १९८१

चि. ऑर्लीन हिस,
अनेक आशीर्वाद, आणि या खेपेला माफीही.

मुद्दाम लिहिलं, पोरी. पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत. बर्लनं दुसऱ्या वाचनात ओळखलं आणि तोंड मिटून राहिला, त्याचे मी जन्मभर आभार मानीन. हॉलिसला औषध सहन होतं, एकटेपणा सहन होतो, पण डोळ्यांसमोर कोणी फिरकी चुकीची टाकलेली सहन होत नाही. तुला सांगितलं असतं तर तुझ्या चेहऱ्यावर ते त्याला दिसलं असतं. तुझा खांदा त्यात गेला, त्याबद्दल काकू माझ्याशी दोन दिवस बोलली नाही.

आणखी एक तुला ठाऊक नाही. लहानपणी मी तोतरा होतो. शाळेत माझं नाव मला सांगता येत नसे. 'ड'वर अडकलो की अख्खा वर्ग माझ्याऐवजी ते पुरं करायचा. मी बोलणंच टाकलं होतं. हॉलिस तेव्हा सोळा वर्षांचा. त्यानं मला रोज होडीत घातलं, पियानोच्या तारेची फिरकी करून दिली आणि एकच शब्द शिकवला, हळू. मी रीळ घाईनं फिरवलं तरी हळू, मी शब्दाला धडकलो तरी हळू. आणि मग तो थांबायचा. माझं वाक्य त्यानं कधी, एकदाही, पुरं केलं नाही. तासन्‌तास लागले तरी वाट बघायचा. आज मी कारखान्यात चाळीस माणसांसमोर उभा राहून बोलतो, ते त्या होडीमुळे.

म्हणून तूही त्याची वाक्यं पुरी करू नकोस. थांब. तेवढं केलंस की माझा शब्द त्याला पोचला.

जुलैत येतो. तोवर माझ्यावरचा आणि बर्लवरचा राग संपवून ठेव.

काका

टर्नर्स फेरी
२५ मे १९८१

चि. डेल्बर्ट यास,
हॉलिसचे आशीर्वाद.

डाव्या हातानं लिहितो. तीन दिवस लागले.

गढूळ पाण्यात लांबट पातं. दाराशी टेकवलेली पोरीची काठी बघून मी दुसऱ्याच दिवशी ओळखलं. काकानं शिकवलं, असं ती म्हणाली होती. माझा भाऊ एवढा अडाणी नाही, म्हणजे हे माझ्यासाठीच आहे. तरी पाच आठवडे तोंड उघडलं नाही. भीती वाटत होती. पोरगी हात मोडून घेईल असं वाटलं तेव्हा उठलो. तुझ्या लबाडीला तोड नाही. देव तुझं भलं करो.

मंगळवारच्या बाईशी आता बोलतो. ती घाई करते, तिलाही शिकवतो आहे. बर्ल आणि ऑर्लीननं मला होडीत बसवलं. ऑर्लीन बरी टाकते. अजून घाई करते.

काल दरवर्षीप्रमाणे चर्चमागच्या दफनभूमीत सगळे जमले होते. कबरी साफ केल्या, आईबाबांच्या आणि माझ्या बायकोच्या कबरीवर फुलं ठेवली, मग झाडाखाली जेवणं मांडली. पाद्रीबाबांनी विचारलं, प्रार्थना कोण म्हणणार. मी काठी टेकून उभा राहिलो. साठ माणसं असतील. चार वेळा अडकलो. कोंबडी गार झाली. कोणीतरी माझा शब्द पुरा करायला तोंड उघडलं, तर ऑर्लीननं त्याच्या दंडावर हात ठेवला. सगळे थांबले.

देवाचे आभार मानताना तुझं नाव घेतलं, आणि ते न अडखळता आलं. मग आमेनपर्यंत पोचलो.

जुलैत ये. गोल पातं काढून ठेवतो.

तुझा,
हॉलिस