आईच्या उशाखालची गोळी

चिमणे,

आईच्या उशाखाली सापडलेल्या गोळीवर मधोमध रेघ आहे. डॉक्टरांनी पाठीसाठी लिहून दिलेली गुळगुळीत असते. म्हणजे ही तुझी. आई म्हणाली, "चिमणी आल्यापासून देतेय. तिच्या गोळीने कसं मोकळं वाटतं!"

खरं सांगू? आधी माझ्या पोटात दुखलं, काळजी मागाहून वाटली. पाठ मी चोळायची आणि गुण तुझ्या गोळीचा!

आता नीट वाच. डॉक्टरांची गोळी दोन औषधं मिळून केलेली आहे. त्यातलं एक पॅरासिटामॉल आणि तुझ्या गोळीतही तेच. दोन्ही मिळून प्रमाणाबाहेर जातं आणि यकृताला इजा होऊ शकते. आईला कालपासून मळमळतंय, अन्न नको झालंय. तू म्हणालीस, "ताई, तुझ्या हातचं खाऊन कंटाळली असेल." मीही तेच खरं मानून रुसून बसले.

डॉक्टरांशी बोलले. रक्त तपासायला आईला दवाखान्यात नेतेय. तू फिरायला गेलीस आणि फोन इथेच चार्जिंगला, म्हणून ही चिठ्ठी. तुझ्या गोळ्यांचं पाकीट घेऊन लगेच ये. किती दिल्यास ते त्यांना तूच सांगू शकशील.

आई चपला घालतेय आणि मला बजावतेय, "चिमणीला बोलू नकोस हं." तुझ्याकडे राहायला जायचं ती कधीची म्हणतेय. तुझा जिना उंच, डॉक्टर लांब, असं सांगून मीच अडवत आले. आत्ता तिला मोठ्याने म्हणाले, "आई, बरी झालीस की चिमणीकडे राहायला जा."

ताई