साठपैकी शून्य आणि पामची बेडणी

पाम, तालुका पालघर
सोमवार, १६ जानेवारी १९६७

चि. कृष्णकांत यास,

आशीर्वाद शेवटी लिहीन. आधी हे सांग की साठपैकी शून्य देणारा माणूस भात खातो की भुसा? चार नाय, दोन नाय, शून्य. कोरा कागद देऊन आला असतास तरी तेवढेच मिळाले असते. आणि वर तांबड्या शाईत लिहिलंय काय, तर उमेदवाराने प्रश्न वाचलेला नाही. तू वाचला नायस? जेवताना ताटाला टेकवून पुस्तक ठेवणारा तू? तुझी आई गेल्यापासून तू माझ्याकडे वाढलास. तुझ्या वाचण्यापायी किती भाकऱ्या गार झाल्या ते मला ठाऊक हाय, त्या तांबड्या शाईवाल्याला नाय.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. मला दुसरीपर्यंतच शिकवलेलं, अडखळत वाचते, पण वाचलेलं सोडत नाय. तू लिहितोस की तुमच्या पेटंटच्या ऑफिसात टायपिंगच्या टेबलावरून उठवून वकिली कागद लिहायला बसवण्याआधी परीक्षा घेतात. कागदावर एक वस्तू देतात. तिच्यात नवीन काय ते नेमक्या शब्दांत लिहायचं, म्हणजे ज्याने ती काढली त्याचा तिच्यावर हक्क लागतो. बरं. आणि यंदा वस्तू कुठली दिली, तर झाडावरून फळ उतरवायची काठी. टोकाला खाच, खाली जाळी. अरे, ही आपली बेडणी. माझ्या सासऱ्यांपासून पडवीत टांगलेली हाय. तू लिहिलंस की हिच्यात नवीन काहीच नाही, आमच्या वाडीत चिकू हिनेच उतरवतात. खरं तेच लिहिलंस, आणि खऱ्याला शून्य.

वर मलाच लिहितोस की जाऊ दे आत्या. मी जाऊ देणार नाय. फेरतपासणी मागता येते असं तूच लिहिलंयस, तर माग. तुला जमत नसेल तर मी साहेबांना कार्ड लिहिते. पत्ता मला पाठ हाय.

आता आशीर्वाद घे. रागाने उपाशी राहू नकोस, राग माझ्याकडे पुरेसा हाय.

तुझी
रखमाआत्या


मुंबई
शुक्रवार, २० जानेवारी १९६७

तीर्थरूप रखमाआत्यास,

कृष्णकांतचा पायांवर डोके ठेवून नमस्कार.

पहिली विनंती अशी की ऑफिसच्या पत्त्यावर उघडी कार्डे पाठवू नकोस. तू दोन कार्डांवर लिहिलेस, त्यांतले दुसरे आधी आले. शिपायाने पहिल्याची वाट पाहिली आणि मग दोन्ही जोडून सगळ्यांना वाचून दाखवली. भात की भुसा, हा प्रश्न आता वरच्या मजल्यावरही विचारतात.

तुझ्या सांगण्यावरून मी फेरतपासणीचा अर्ज दिला. साहेबांनी मला समोर बसवून माझी उत्तरपत्रिका दाखवली. प्रश्नपत्रिकेच्या माथ्यावर एक सूचना आहे, की उमेदवाराने दिलेल्या कागदांतूनच उत्तर लिहावे, पदरची माहिती घालू नये. साहेब म्हणाले, तुमच्या घरी काय टांगले आहे ते मी विचारलेच नव्हते. मला राग आला. मी म्हणालो, वस्तू जुनी असेल तर प्रश्नच चुकीचा आहे, आणि जुनी असल्याचा पुरावा मी आणून देतो. ते हसले. म्हणाले, आणा. दहा फेब्रुवारीपर्यंत लेखी आणा, वस्तू वापरणाऱ्या दोघांच्या सह्यांनिशी. पटले तर दुसरे परीक्षक तुमचा पेपर तपासतील.

म्हणून सोबत निवेदन पाठवत आहे. प्रश्नातल्या आकृतीची नक्कलही पातळ कागदावर काढून जोडली आहे. निवेदनात एवढेच आहे की या आकृतीतली वस्तू आणि आमच्या वाडीतली बेडणी एकच असून ती तीस वर्षांहून अधिक काळ वापरात आहे. तू सही कर आणि वाडीत काम करणाऱ्या कुणाचा तरी अंगठा घे.

आत्या, ही माझी दुसरी खेप. तिसरी जुलैत आहे आणि ती शेवटची. त्यानंतर जन्मभर टायपिंग. पण हा पुरावा मानला नाही तर मी जुलैत बसणारच नाही. खरे लिहून शून्य घेतले, आता खोटे लिहून पास होण्याची इच्छा नाही. तुझ्या ओटीवरच्या खोलीतले पुंजाराम फिटर मागे म्हणाले होते की तारापूरच्या अणुवीज केंद्राच्या बांधकामावर कंत्राटदाराला टाइमकीपर हवे आहेत. मी तिकडेच येईन.

तुझी कंबर कशी आहे ते कळव. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा
कृष्णकांत


पाम
मंगळवार, २४ जानेवारी १९६७

चि. कृष्णकांत यास आशीर्वाद.

हे निळं पत्र मुद्दाम पोस्टातून आणवलं. चिकटवून बंद केलंय. तुझ्या शिपायाची करमणूक संपली.

आधी पुंजारामाचं सांगते. त्याला जेवताना गाठलं आणि विचारलं की माझ्या भाच्याला तारापूरला बोलावणारा तू कोण. तो म्हणाला, मावशी, चांगल्यासाठीच बोललो, तिकडे आमच्या नाशकाकडची किती पोरं लागली. मी म्हटलं, नाशकाकडच्यांनी बी.एस्सी. केलंय काय? पुन्हा टाइमकीपरचं नाव काढलंस तर खोली रिकामी कर. तो मान खाली घालून जेवत राहिला. माणूस वाईट नाय. पण कामगारांच्या हजेऱ्या मांडायला मी तुला शिकवलं नाय, हे तू पक्कं ध्यानात ठेव.

निवेदन वाचलं. एका पानात तीन वेळा "सदर वस्तू" लिहिलंयस, बेडणी म्हणायला लाज वाटते काय? आकृती बघितली. काठी हाय, खाच हाय, जाळी हाय, दोरीसुद्धा हाय. आपलीच. त्या साहेबाला म्हणावं, तुझा जन्म व्हायच्या आधीची बेडणी दाखवते, ये पामला.

मंगळी भावाकडे बेटेगावला लग्नाला गेलीय, उद्या यायची हाय. तू पाळण्यात होतास तेव्हापासून ती आपले चिकू उतरवते, तिच्याहून मोठा साक्षीदार तुला हायकोर्टातही मिळायचा नाय. तिचा अंगठा आणि माझी सही एकदमच करून लगोलग पाठवते.

एक मात्र विचारते. माथ्यावर सूचना लिहिलेली होती, ती तू वाचली नव्हतीस, की वाचून सोडून दिलीस? सवडीने लिही. आधी त्या साहेबाचं बघू.

अंगावर स्वेटर घालत जा. आत्याला विसरू नको असं लिहायची माझी पद्धत नाय, विसरलास तर मी आठवण करून देईन.

रखमाआत्या


मुंबई
रविवार, २९ जानेवारी १९६७

आत्या,

लगोलग पाठवते म्हणालीस त्याला पाच दिवस झाले. एक अंगठा घ्यायला इतके दिवस लागतात का? मंगळी बेटेगावला गेली आहे, विलायतेला नाही.

इथे मी सगळ्यांना सांगून बसलो आहे. साहेब जाता-येता विचारतात, तुमच्या आत्याबाईंचा कागद आला का, आणि बाकीचे माना खाली घालून हसतात. फेरतपासणी माग म्हणून तूच मला ढकललेस. आता तूच मागे सरणार असशील तर तसे स्पष्ट लिही, म्हणजे मी राजीनामा देऊन मोकळा होतो.

सूचनेचे विचारलेस. वाचली होती. ती माझ्यासाठी नाही असे वाटले, कारण वस्तू माझ्या ओळखीची होती.

कृष्णकांत


पाम
बुधवार, १ फेब्रुवारी १९६७

चि. कृष्णकांत यास,

नमस्कार लिहायचा विसरलास. मी आशीर्वाद विसरत नाय, घे.

तुझा कागद या पत्रात नाय. पाकीट उलटंपालटं करून शोधू नकोस. मी सही केली नाय आणि करणार नाय. ओरडायचं असेल तर ओरडून घे, मग पुढचं वाच. आणि सगळं वाच. ओळखीचं दिसलं म्हणून मध्येच सोडू नकोस.

मंगळी गेल्या बुधवारी आली. मी शाई काढून तयार होते. म्हटलं, इथं अंगठा दे. तिने विचारलं कशासाठी. मी तुझी आकृती तिच्यापुढे ठेवली आणि पडवीतली बेडणी काढून शेजारी ठेवली. तिने कागद आधी उलटा धरला, मग सुलटा केला. काठीच्या बुडाशी जी दोरी दिसते तिच्यावर बोट ठेवलं आणि सावकाश वर नेलं, टोकापर्यंत. मग मला म्हणाली, "आंगठा देते बाय, पन ही आपली बेडणी नाय."

मी तिला वाटेल ते बोलले. डोळे गेले काय म्हटलं, लग्नात ताडी जास्त झाली काय म्हटलं. तिने सगळं बोलू दिलं. मग बेडणी हातात घेऊन दाखवलं. आपली दोरी जाळीच्या तोंडाला बांधलेली, तिथेच संपते, जाळी फाटू नये म्हणून. तुझ्या कागदावरची दोरी जाळीला शिवत नाय. ती पुढे खाचेत जाते, आणि खाचेत एक बारीक पट्टी काढलेली हाय. मंगळीचं म्हणणं एवढंच की दोरी हाय तर ती काय तरी ओढत असणार, काय ओढते? ती पट्टी मी पहिल्या दिवशीच बघितली होती. मला वाटलं तुझ्या दौतीचा डाग.

मग पुंजारामाला हाक मारली. ज्याला खोली रिकामी कर म्हटलं त्यालाच. तो फिटर माणूस, आकृती वाचणं हा त्याचा रोजचा धंदा. त्याने पत्र्याची पट्टी कापली, दाढीच्या पात्याचा तुकडा बसवला, दोरी ओवली आणि आपल्या दुसऱ्या बेडणीला जोडून दिली. खोलीचा विषय काढला नाय, म्हणून मला जास्तच लागलं.

गुरुवारी मंगळीने एकाच झाडाचे दहा चिकू आपल्या बेडणीने काढले आणि दहा त्या नव्या बेडणीने. आपल्यात काय होतं ते ऐक. देठ खाचेत धरायचा आणि हिसका द्यायचा. देठ मुळातून उपटतो, फळाला भोक पडतं, चीक अंगभर वाहतो. नव्यात दोरी ओढली की पट्टी आधी देठ दाबून धरते, मग पातं त्याच्यावर कापतं. फळ तसंच लोंबत राहतं. दोरी सैल केली की अलगद जाळीत येतं, बोटाच्या पेरभर देठासकट. चीक गळत नाय. दोन टोपल्यांत गवत घालून दोन्ही ठेवले आणि काल उघडले. आपल्यातले चार भोकापासून काळे पडले होते. नव्यातला एकही नाय. मी सगळे दहाही फोडून बघितले.

एवढ्यासाठी कागद थांबला. अंगठ्यासाठी नाय, चिकू पिकण्यासाठी.

तेव्हा तांबड्या शाईत लिहिलंय ते खरं हाय. तू प्रश्न वाचला नायस. त्या साहेबाला मी पंधरा दिवस शिव्या दिल्या, त्या परत घेते. शून्याचं मात्र अजून खटकतं, दोन मार्क अक्षराचे द्यायला हरकत नव्हती.

पण कृष्णा, तुला वाचता आलं नाय याला कोण जबाबदार, हे मला काल चिकू फोडताना कळलं. तुझ्या हातात बेडणी कधी कोणी दिलीच नाय. तू दहा वर्षांचा असताना मंगळी एकदा देत होती, तर मी तिच्यावर धावून गेले होते, म्हटलं याचे हात वहीसाठी हायत. तू झाडाखाली बसून वाचायचास आणि पुस्तकातून मान वर केलीस तर तुला काठी, खाच नि जाळी दिसायची. खालून एवढंच दिसतं. तेवढ्यावर तू तिकडे मुंबईत लिहून आलास की मला ही ठाऊक हाय. आणि मी तीस वर्षं हातात धरून रागाने आंधळी झाले, तो माझा गाढवपणा वेगळा.

आता दुसरं. ती पट्टी कोणाला तरी सुचली असेल. कुठे तरी कोणी माणूस नासलेला चिकू हातात घेऊन बसला असेल, विचार केला असेल, चार वेळा पत्रा कापून फेकला असेल. असा माणूस तुमच्या दारात येतो आणि त्याचं नवीन काय ते शोधून लिहून द्यायचं तुमचं काम. तू त्याला सांगितलंस की तुझं नवीन काही नाय, आमच्या पडवीत असलं टांगलंय. साहेबाने तुला शून्य दिलं ते लगेच दिसलं. तू त्या माणसाला शून्य दिलंस ते तुला अजून दिसलं नाय. खोटं लिहून पास व्हायचं नाय म्हणतोस, आणि माझ्याकडून सही मागतोस ती कशावर?

राजीनाम्याचं बोलू नकोस. टाइमकीपरच्या जागा भरल्या, पुंजाराम म्हणाला. खरं की खोटं मी विचारलं नाय.

तुझा कागद चुलीत घातला. आकृती ठेवलीय. आता तू असं कर. अर्ज मागे घे, आणि चिठ्ठी लिहून नाय, साहेबांसमोर उभा राहून तोंडाने सांग की माझंच बघायचं राहिलं. हसले तर हसू दे. मग बारा तारखेच्या रविवारी इकडे ये. मंगळीला सांगून ठेवलंय. ती तुझ्या हातात बेडणी देईल, आधी जुनी, मग नवी, आणि दोन्हीने एकेक टोपली भरल्याशिवाय तुला जेवण मिळणार नाय. हाताला फोड आले तर येऊ देत. जुलैला पाच महिने हायत.

जमतंय की नाय, ते सोमवारच्या, सहा तारखेच्या टपालात मला कळलं पाहिजे. पोस्टमन दुपारी येतो, मी ओट्यावर बसून राहीन. त्याच्या पिशवीत तुझं पत्र नसलं तर मंगळवारी मी साहेबांना सगळं लिहून कळवीन, सही का केली नाय ते आणि चिकूचंही. कार्डावर लिहीन, उघड्या. दोन लागतील, या वेळी आकडे घालून पाठवते, म्हणजे शिपायाला थांबावं लागणार नाय.

तुझीच
रखमाआत्या