पायाची आतली लांबी

तारकर्ली,
१४ नोव्हेंबर २०२४

ती. भक्तीताईस,
धाकट्या दत्तप्रसादचा शि. सा. न. वि. वि.

एक गंभीर तक्रार नोंदवायची आहे. या देशात माणसाला स्वतःच्या पायाची लांबी एकट्याने मोजता येत नाही, आणि याची कोणालाही लाज वाटत नाही.

तुझ्या ओमकारने सुचवलेली ती बारीक चाकांची सायकल आपल्या जिल्ह्यात दुकानात नाही, ऑनलाइनच मागवावी लागते. चालवून बघायची सोय नाही. त्याऐवजी एक तक्ता आहे. तक्ता सांगतो, अनवाणी भिंतीला पाठ लावून उभे राहा, दोन पायांच्या मध्ये जाड पुस्तक खोगिरासारखं वर दाबून धरा, आणि पुस्तकाच्या वरच्या कडेशी भिंतीवर खूण करा. मी शाळेतला नकाशासंग्रह आणला. खूण करायला वळलो की पुस्तक खाली; पुस्तक धरलं की पेन्सिल पोचत नाही. शेवटच्या खेपेला आफ्रिका खंड सुटून हातात आला.

तरी तो तक्ता मला आवडला. तो कसे आहात विचारत नाही. उंची विचारतो, हाताची लांबी विचारतो, आणि गप्प बसतो. स्कूटर अक्षया चालवायची आणि मी, तिचा नवरा, मागे बसायचो, हे अख्ख्या मालवणला ठाऊक आहे. फेब्रुवारीत ती गेली तेव्हापासून स्कूटर पडवीत उभी आहे आणि मी शाळेत एस.टी.ने जातो. एस.टी.त रोज कोणीतरी विचारतं, मास्तर, बरे आसास मां? मी बरो आसंय म्हणतो. त्यांना बरं वाटतं. सायकलवर निदान कोणी शेजारी येऊन बसणार नाही.

फोन उचलत नाही म्हणून रागावू नकोस. पत्राला लगेच आवाज द्यावा लागत नाही. भावोजींना नमस्कार. लोभ आहे तेवढाच ठेव, वाढवायचे कष्ट नकोत.

तुझा,
दत्तप्रसाद


दोडामार्ग,
२० नोव्हेंबर

चि. दत्तप्रसाद यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून तुझे भावोजी इतके हसले की त्यांना ठसका लागला. मी नाही हसले. कोणाशी बोलावं लागू नये म्हणून महिन्याचा पगार सायकलीत घालतोस? अरे, तोंड बंद ठेवणं फुकट असतं.

ओमकार रोज गोव्याला कामावर जातो, तिथे त्याने विचारून घेतलंय. माप चुकलं तर गुडघे वर येतात आणि पाठ धरते. अंदाजाने काही मागवू नकोस म्हणतो. मग शेजारी स्टॅनली कशाला आहे? जन्म बोटीवर काढला त्याने, टेप धरता येणार नाही? कुंपण ओलांडलं की त्याचं घर. पण तू जाणार नाहीस. का, ते मला माहीत आहे. अक्षयाचं बारावं झाल्यावर महिनाभर तो संध्याकाळी येऊन तुझं दार वाजवायचा आणि तू आत दिवा घालवून बसायचास. त्याच्या बायकोने, बर्नादेतने, मला फोनवर सांगितलं. तक्रार नव्हती ती. आमचा कायतरी चुकला काय गो, म्हणून विचारत होती. मी काय सांगणार?

तू जा आणि म्हण, जरा टेप धर. एवढंच. माफी नको, रडणं नको. तुला वाईट वाटतं याची मला भीती नाही रे, दत्तू. तुला काहीच वाटेनासं झालंय, त्याची आहे. असाच राहिलास तर उद्या माझीही पत्रं फोडायचा नाहीस.

रबराच्या झाडांना यंदा चीक बरा आहे. केळी पाठवते. न चुकता लिही, नाहीतर मीच येऊन राहीन, आणि मी किती बोलते ते तुला ठाऊक आहे.

तुझी,
ताई


तारकर्ली,
९ डिसेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

केळी पोचली. सायकलही पोचली.

मी स्टॅनलीकडे गेलो नाही. माझी शाळेची पँट जमिनीवर पसरली आणि आतली शिवण मोजली. पँटीला माझ्याबद्दल खोटं बोलायचं काय कारण, असा माझा विचार होता. कारण होतं. पँट अंगाला लागून बसत नाही, खाली लोंबते. आणि मी वाळलो असल्यामुळे माझी जरा जास्तच लोंबते. तेवढं माप कमी भरलं, आणि त्या मापाने सायकल आली.

तिला घंटी नाही, स्टँड नाही, मडगार्ड नाही, कॅरियर नाही. एकेक गोष्ट काढून घेत किंमत वाढवलेली आहे. सीट सोसेल तेवढी वर काढून रस्त्यावर आणली. गुडघे हनुवटीशी, कोपरं गुडघ्यांशी. पर्यटकांच्या एका जोडप्याने फोटो काढला. सर्कशीतलं अस्वल त्यांना आणखी कुठे बघायला मिळणार?

कंपनी बदलून देते म्हणते, पण दहा दिवसांत मापाचा फोटो हवा: भिंतीशी उभा माणूस, पुस्तक आणि ताणलेली टेप, सगळं एकत्र. खुर्चीवर फोन ठेवून पाहिला. फोटोत नुसते गुडघे आले.

सायकल परत घ्या आणि पैसे द्या, असंही लिहिता येतं. एस.टी. आहेच. बहुतेक तेच करीन. आशीर्वादात खंड नसावा.

तुझा,
दत्तप्रसाद


दोडामार्ग,
१२ डिसेंबर

चि. दत्तप्रसाद यास,
अ. उ. आ.

पैसे परत मागवलेस तर तू माझा भाऊ नव्हेस. जा.

ताई


तारकर्ली,
२२ डिसेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

गेलो होतो.

स्टॅनली शिडीवर चढून नाताळचं नक्षत्र टांगत होता. मी कुंपणाशी उभा राहून म्हटलं की जरा टेप धरशील काय. तो उतरला, हात पुसले, आणि खंय धरू ता सांग, एवढंच म्हणाला. मग त्यांच्याच पडवीत मी नकाशासंग्रह पायांत धरून उभा राहिलो, तो गुडघ्यांवर बसला, आणि बर्नादेतने फोन धरला. लाजून तिने तोंड फिरवलं, त्यामुळे पहिला फोटो भिंतीवरच्या पालीचा आला. स्टॅनली तिला ओरडला, अगो, लग्न होऊन तीस वर्षां झाली, आता कसली लाजतस? ती म्हणाली, तुझा माप घेवचा नाय, मास्तरांचा आसा. दुसरा फोटो बरा आला. पँटीपेक्षा अडीच इंच जास्त. या वयात मास्तरांचे पाय वाढले, असं स्टॅनली सगळ्या वाडीला सांगत सुटला आहे.

त्या महिन्याबद्दल त्याने काही विचारलं नाही. निघताना बर्नादेत फाटकापर्यंत आली आणि हळूच म्हणाली की दार वाजवून तो परत यायचा नाही, तुमच्या पायरीवर बसून राहायचा, अंधार पडेपर्यंत. ती चिडायची. तो म्हणायचा, दार उघडल्यान तर कोणतरी थंय आसाक व्हया. ताई, मी आत दिवा घालवून बसलेलो, आणि मला वाटायचं की तो गेला.

रडू वगैरे आलं नाही. तू विचारशील म्हणून लिहितो. नुसता घरी आलो आणि हातपाय धुतले.

छोटी सायकल कंपनीवाले काल घेऊन गेले. मोठी नव्या वर्षात येईल. बसते की नाही, ते तेव्हा कळेल. ओमकारला आशीर्वाद. तुझी माया आहे तशी राहो. मी तिला पुरा पडेन असं नाही.

तुझा,
दत्तप्रसाद

ता. क. पत्र बंद करायचं राहिलं होतं. आज संध्याकाळी स्टॅनलीकडे गेलो आणि दार वाजवलं. दोघं इगर्जीत प्रार्थनेला गेली होती. ते मला ठाऊक होतं. पायरीवर बसलो. अंधार पडल्यावर उठलो.