ठमीचे टाके

प्रिय भांडखोर,

आधीच सांगतो, ठमी बरी आहे. नाहीतर पुढचं न वाचताच डोळ्यांना पदर लावशील.

दोन महिन्यांपूर्वी ती माजावर आली, तेव्हा शेजारच्या तांबड्या कुत्र्याने कुंपण ओलांडलं होतं. गेल्या आठवड्यात तिचं पोट वाढलेलं दिसलं आणि मला आनंदाचं भरतंच आलं. ऑपरेशन करून घ्या म्हणून तू किती मागे लागली होतीस, पण एकदा तरी तिला आई होऊ दे म्हणत मी हटून बसलो होतो ना! दुकानातल्या चिंध्या भरून पिल्लांसाठी खोकं तयार केलं. गिऱ्हाइकांनाही बातमी देऊन टाकली. ती सारखी पाणी प्यायची, जेवणाला तोंड लावेना. मी म्हटलं, डोहाळे असतील. अक्कल गहाण ठेवली होती, दुसरं काय!

सोमवारी ती उठेचना. तिला उचलून दवाखाना गाठला. डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफी केली. पिल्लू एकही नव्हतं, गर्भपिशवीत नुसता पू भरलेला. एक दिवस उशीर झाला असता तर हातची गेली असती, म्हणाल्या, आणि माझी अशी खरडपट्टी काढली की तुला ऐकून बरं वाटलं असतं. ऑपरेशन संपेपर्यंत बाकावर बसून होतो. शेवटी बाई बाहेर आल्या. पिशवी काढली, ठमी वाचली.

टाके मी शिंप्याच्या नजरेने तपासले. शिलाई झकास. तिने ते चाटू नयेत म्हणून माझ्या जुन्या सदऱ्याचं झबलं शिवलंय, चार बाह्यांचं. आज ते घालून तिने माझी चप्पल पळवली आणि मी एकटाच वेड्यासारखा हसत सुटलो.

हसता हसता इस्पितळातली तुझी खाट डोळ्यांसमोर आली. दोन वर्षांपूर्वी तुझी पिशवी काढली, तेव्हा सगळ्यांदेखत मी म्हणालो होतो, आता पोरीचं राहिलंय काय. तू भिंतीकडे तोंड फिरवलंस. तेव्हापासून फोनवर फक्त ठमीची चौकशी करतेस. बाळा, तू वाचलीस म्हणून त्या दिवशी मी नाचायला हवं होतं. कुत्रीच्या बाबतीत जे कळलं, ते लेकीच्या बाबतीत कळलं नाही. चुकलो गं मी. ठमीचं सगळं लिहिलंय, आता फोन करशील तेव्हा तू कशी आहेस ते सांग.

तुझाच, हट्टी
बाबा