कुंपणापलीकडची खुंटी

मी, शंभू जयसिंग ठोंबरे, वय बावीस, राहणार येरवडा, पुणे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. प्रकृती उत्तम आहे. बुद्धी शाबूत आहे. डोकं गरम आहे, पण ते कायमचंच असल्यामुळे त्याला कोणी वेडाचा झटका म्हणू नये. मला कोणी धमकावलेलं नाही, दारू पाजलेली नाही. मरायची इच्छाही नाही. कोणाला तशी आशा वाटली असेल तर सोडून द्यावी.

मग आत्ताच मृत्युपत्र कशाला? परवा मी चंद्रपूरकडच्या जंगलात निघालोय. सरकारी खनिज सर्वेक्षणाचं ड्रिलिंग घेतलेल्या एका ठेकेदाराकडे मशीनवर मदतनीस म्हणून. जमिनीच्या पोटातून दगडाचे लांब तुकडे काढायचे आणि पेटीत ओळीने लावायचे. ठेकेदाराच्या क्लार्कने वारसाचं नाव विचारलं आणि माझं पेन अडलं. तो म्हणाला, "बायको नसेल तर आईचं टाक ना. लग्नाची पत्रिका छापतोयस का? मागे माणसं उभी आहेत." मी आईचं नाव टाकलं. मनात दुसरं होतं. ते त्या रकान्यात बसत नव्हतं, म्हणून हा कागद.

एक. घर माझं नाही, भाड्याचं आहे. ते वाटून टाकण्याचा आनंद मला नाही.

दोन. माझी आई विमलाबाई घरून जेवणाचे डबे देते. तिला ठेकेदाराकडचा विमा, माझा मोबाइल आणि सायकल. आई, सायकलच्या मागच्या कॅरिअरला डब्यांची पिशवी नीट बसते. नवीन पोरगा ठेवशील तर त्याला सांग, पिशवी हँडलला अडकवायची नाही, आमटी सांडते.

तीन. वडील जयसिंग ठोंबरे, मार्केट यार्डात टेम्पो चालवतात. त्यांना खाटेखालचं दगडांचं पोतं. मी जिऑलॉजीला प्रवेश घेतला तेव्हा बाबा म्हणाले होते, "गोटे शिकून काय करशीन? गोटाच होशीन." बाबा, त्यात जुन्नरकडची स्फटिकं आहेत, ती हिरवट झाक असलेली. पोतं गॅलरीत ठेवून कुत्र्यांना मारायला वापरू नका. एवढीच विनंती आहे. तुम्ही ती पाळणार नाही हे माहीत आहे.

चार. अनिरुद्ध सर, जे आमच्या प्रोजेक्टचे प्रमुख होते आणि आता भूजल सर्वेक्षणात टेबल मिळवून बसले आहेत, त्यांना काटेरी तारेचा वीतभर तुकडा. फ्रेम करून द्यावा. फ्रेमचा खर्च माझ्या पैशातून. तो तुकडा कुठला हे त्यांना विचारावं लागणार नाही, पण वाचणाऱ्याला कळायला हवं म्हणून सांगतो.

गेल्या वर्षी, तिसऱ्या वर्षाला असताना, आम्हाला सरकारी पाणी-सर्वेक्षणावर मदतीला पाठवलं होतं. लोणी काळभोरच्या पुढे आत पांढरवस्ती नावाची एक वस्ती आहे. वस्तीला पिण्याची बोअर कुठे घ्यायची ते ठरवायचं होतं. पद्धत सोपी आहे: सरळ रेषेत चार लोखंडी खुंट्या ठोकायच्या, वायरने मोजणीच्या पेटीला जोडायच्या, जमिनीत वीज सोडायची. कोरड्या दगडातून वीज जायला कुरकुरते, ओल्यातून सुळकन जाते. पेटीवरचा आकडा खाली पडला की जमिनीत ओल आहे. खुंट्या लांब लांब नेत गेलं की खोलवरचं कळतं. त्यासाठी लांब, सरळ, मोकळी जागा लागते. चहूकडे ऊस उभा होता. सहज मिळणारी मोकळी पट्टी एकच, एका डाळिंबाच्या बागेच्या कुंपणाला चिकटून.

कुंपण काटेरी तारेचं, लोखंडी अँगलवर ताणलेलं. आकडा असा धपकन पडला की अनिरुद्ध सर खुशीने हसायलाच लागले. मी म्हटलं, "सर, वीज जमिनीतून नाही, कुंपणातून पळतेय. लाईन फिरवू या."

"कुठे फिरवू? उसात? ठोंबरे, तुम्ही खुंट्या ठोका. अर्थ काढायला आम्ही आहोत."

ठोकल्या.

संध्याकाळी सर चहाला गेले तेव्हा मी खुंट्या उचलल्या आणि कुंपणापलीकडे ओढ्याकाठी बांधाला धरून आडवी लाईन टाकली. एकट्याने होत नाही हे काम. पेटीवर बसायला, आकडे वाचायला माणूस लागतो. स्वराली बसली. माझ्या वर्गातली स्वराली देशमुख. खुंटीखालची माती कोरडी होती म्हणून तिने स्वतःच्या बाटलीतलं पाणी तिथे ओतलं आणि मग तहान लागली म्हणून माझ्या बाटलीतलं प्यायली. ओढ्याकाठच्या एका बाभळीपाशी आकडा हळूहळू उतरत गेला, जसा खऱ्या ओलीवर उतरतो तसा. ती म्हणाली, "शंभू, हे खरं पाणी आहे रे." मी तिथे खुंटी ठोकून वर लाल रंग लावला. माझ्या आयुष्यात त्याहून बरी संध्याकाळ झालेली नाही. ती कोणाला देता येत नाही, म्हणून तिचं कलम नाही.

मार्चअखेर जवळ आला होता. पैसे परत जातील म्हणून दुसऱ्याच दिवशी बैठक झाली. सरांनी कुंपणाजवळचा पॉइंट मांडला. मी उठून ओढ्याकाठच्या आकड्यांचं सांगितलं. सरांनी स्वरालीकडे पाहिलं. "काय हो, तुम्ही घेतलेत असे आकडे?" ती खाली बघत राहिली. म्हणाली, "सर, ते घाईत घेतले होते." आणि कुंपणाच्या अहवालावर सही केली.

बोअरच्या दिवशी वस्तीने नारळ फोडला. बायकांनी हंडे आणून ओळीने मांडले. कोंडीराम म्हणून वस्तीतले एक आजोबा आहेत, ते सारखे विचारत होते, "साहेब, पानी हाय का न्हाय, येवढंच सांगा की." मशीन खाली खाली गेली आणि वर आला नुसता पांढरा भुगा. हंड्यांवर बसला, बायकांच्या केसांवर बसला. मला राहवलं नाही. मी सगळ्यांसमोर ओरडलो, "मी म्हटलं होतं! मी म्हटलं होतं! हिनेपण पाहिलं होतं, विचारा हिला!" आणि स्वरालीकडे बोट केलं. ती पदर खोचलेल्या बायकांमध्ये उभी होती. सगळ्या तिच्याकडे वळल्या.

नंतर गाडीपाशी ती एवढंच म्हणाली, "तुला पाणी नको होतं शंभू. तुला जिंकायचं होतं." दुसऱ्या दिवसापासून मी कॉलेजला गेलो नाही. तिनेही बोलावलं नाही.

मी माझे शब्द मागे घेत नाही. बरोबर होतो तो मी होतो.

पाच. बँकेत जे काही साठलं असेल ते पांढरवस्तीच्या बोअरसाठी, लाल खुंटीच्या जागी. यात एक अडचण आहे. नकाशावर आता वस्तीपुढे 'सर्वेक्षण झाले, पाणी नाही' असं लागलंय. सरकारला एकदा पाणी नाही म्हटलं की नाही. उन्हाळाभर टँकर जातो. ओढ्याकाठची जागा ग्रामपंचायतीची आहे आणि तिथे बोअर घ्यायला भूवैज्ञानिकाचा दाखला लागतो. मी कॉलेज सोडलेला, माझा दाखला कोण घेणार? स्वराली आता पास होऊन सरांच्याच भूजल खात्यात कंत्राटावर आहे. ती सही करू शकते. म्हणून माझ्या मृत्यूनंतर तिने हा दाखला द्यावा अशी माझी इच्छा आहे. जिवंतपणी मी तिच्याकडे काही मागणार नाही.

इथवर लिहून मी कागद श्रीधरकाकांना दाखवला. श्रीधर आगाशे, कोर्टाजवळ आयुष्यभर मृत्युपत्रं टाईप करत आले. आईचा डबा रोज त्यांच्याकडे जातो. त्यांनी चष्मा वर केला.

"अहो ठोंबरे, हे मृत्युपत्र आहे की प्रेमपत्र?"

"मृत्युपत्र."

"बरं. मग मला सांगा, आपण ऐंशी वर्षं जगलात तर वस्तीने तोवर काय प्यायचं? आपला राग?"

मी म्हटलं, तुम्हाला नाही कळायचं काका. ते म्हणाले, "नाहीच कळत. बेचाळीस वर्षं लोकांची भांडणं टाईप केली, एकाचंही कळलं नाही. भाजीत आज मीठ कमी होतं, आईला सांगा." आणि टोपणात पेन घालून बसले. साक्षीदार म्हणून सही करेनात.

तासभर मी त्यांच्या दुकानाबाहेर उभा राहिलो. सिगारेट ओढत नाही, नाहीतर ओढली असती. मग आत येऊन खालचं लिहिलं.

सहा. कलम पाच माझ्या मृत्यूवर अवलंबून नाही. ते आजपासून लागू. पैसे काढून काकांकडे ठेवतोय. जायच्या आधी हा कागद मी स्वतः स्वरालीच्या ऑफिसात नेऊन तिच्या टेबलावर ठेवणार. बोलणार नाही. ठेवून निघणार.

सात. स्वरालीला वस्तू काही देत नाही. माझ्याकडे तिला देण्यासारखं जे होतं ते मी वस्तीसमोर फुकट घालवलं, असं काका म्हणतात. मी तसं म्हणत नाही. तिला एक वाक्य देतोय. खुंटीच्या जागी बोअर घ्यावी, हंडे मांडू नयेत, नारळ फोडू नये. पाणी लागलं तर माझं नाव कुठेही लिहू नये. आणि पांढरा भुगा आला, तर तिने मला जंगलात फोन करावा आणि म्हणावं, 'मी म्हटलं होतं.' जितक्या मोठ्याने म्हणायचं तितक्या मोठ्याने. मी मध्ये बोलणार नाही. हे वाक्य आता माझं नाही, तिचं आहे.

पाणी लागलं तरी फोन केला तर चालेल.

ठिकाण: पुणे
दिनांक: ५ मे २०२५

सही: शंभू जयसिंग ठोंबरे

साक्षीदार पहिला: श्रीधर आगाशे. (सही केली. 'मजकुराशी मी सहमत नाही, अक्षर मात्र चांगलं आहे' असा शेरा त्यांनी स्वतःहून लिहिला आहे.)

साक्षीदार दुसरा: जागा स्वरालीसाठी मोकळी ठेवली आहे. काका म्हणाले, "जिला काही देताय तिलाच साक्षीला घेऊ नये." मी म्हटलं, दिलंय काय, कामच तर दिलंय. ते म्हणाले, "साक्षीदारांच्या दोन सह्यांशिवाय हे मृत्युपत्रच होत नाही. आणि ती आली नाही तर?"

नाही आली तर हा कागद मृत्युपत्र होणार नाही. मग तोवर मला मरता येणार नाही. बघू.